‘आजीवन नॅनो कोटिंग’च्या नावाखाली लॅपटॉपच्या स्क्रीनचे झालेले नुकसान

जळगाव, भुसावळ आणि आसपासच्या तालुक्यांत लॅपटॉप वापरणाऱ्या सर्वांनी हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्क्रीन स्वच्छ करून तिच्यावर ‘आजीवन नॅनो कोटिंग’, म्हणजे कायम टिकणारा अतिपातळ संरक्षक थर, करून देतो, असे सांगून एका दुकानदाराने माझ्याकडून १,८०० रुपये घेतले आणि मुळात धडधाकट असलेली स्क्रीन कायमची खराब करून परत दिली.

मी रावेर तालुक्यात केळी उत्पादकांचे हिशेब सांभाळतो. माल भरला जात असताना तिथेच नोंदी कराव्या लागतात आणि केळीचा चीक बोटांना लागतोच. तो वाळून काळपट झाला की कीबोर्डच्या बटणांवरून सहजासहजी निघत नाही. शिवाय झाकण मिटल्यावर बटणांवरचा तेलकटपणा स्क्रीनवर उमटतो, बॅग गच्च भरलेली असेल तर अधिकच, आणि मग पांढरे पान उघडले की बटणांच्या चौकोनांच्या फिकट रेषा दिसू लागतात. यातल्या बहुतेक रेषा ओलसर कापडाने निघून जाणाऱ्या असतात; मात्र हे गिऱ्हाइकाला सांगितले, तर कोटिंग विकले जाणार नाही.

दुकानात प्रात्यक्षिक मोठे पटण्यासारखे दाखवले जाते. माझ्या स्क्रीनच्या अर्ध्याच भागावर त्याने बाटलीतला द्रव लावून कापडाने घासले, तेवढ्या भागातल्या रेषा दिसेनाशा झाल्या, आणि मग त्यावर पाण्याचे थेंब टाकून तो म्हणाला, “भाऊ, पाणी थांबतं का बघा. आता स्क्रीनकडे बघायचं कामच नाही.” थेंब खरोखरच घरंगळले. पण कोणत्याही तेलकट थरावरून पाणी असेच घरंगळते, आणि बारीक ओरखड्यांत तेलकट पदार्थ भरला की प्रकाश विखुरत नाही, म्हणून ते काही काळ दिसत नाहीत. घरी आल्यावर स्वच्छ पांढरा रुमाल स्क्रीनच्या कोपऱ्यावरून हलकेच फिरवला, तर त्यावर पिवळसर तेलकट पट्टा उमटला. थोड्याच दिवसांत तो थर पुसला गेला आणि खरे ओरखडे होते तिथेच पुन्हा दिसू लागले.

बाटलीवर ‘९एच’ असे ठळक छापलेले होते. हे माप पेन्सिलीच्या कठीणपणाचे आहे. त्या श्रेणीतील सर्वांत कठीण पेन्सिलीनेही ओरखडा पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, स्क्रीनच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये वर काच नसून प्लास्टिकचा पातळ थर असतो, आणि त्यावर कापडाने द्रव पुसल्याने तो काचेसारखा कठीण होत नाही.

खरे नुकसान पॉलिशने झाले. मॅट स्क्रीनचा पृष्ठभाग मुद्दाम अतिसूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो, म्हणून समोरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब तिच्यात स्पष्ट दिसत नाही. दुकानदाराने पेस्ट लावून जिथे जिथे घासले, तिथे तो खडबडीतपणा झिजला आणि तळहाताएवढे चकचकीत डाग पडले. ते कशानेही भरून येत नाहीत. स्क्रीन बदलणे एवढाच उपाय उरतो.

त्याच वेळी त्याने कीबोर्डवर टाकायचे सिलिकॉनचे कव्हर ‘अर्ध्या किमतीत’ गळ्यात मारले. असे कव्हर बटणांवर ठेवून झाकण मिटले की ते स्क्रीनवर दाबले जाते आणि नवे ठसे उमटतात. कागदाहून जाड काहीही मध्ये ठेवून झाकण बंद केल्यास स्क्रीन तडकू शकते. ज्या लॅपटॉपची उष्णता कीबोर्डमधूनही बाहेर पडते, त्यांना तर आपल्याकडच्या मे महिन्याच्या ४५ अंशांत हे कव्हर चांगलेच बाधते.

वास्तविक या कामाला फारसा खर्चच नाही. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने आधी धूळ काढावी, कारण धुळीवरच घासले तर ओरखडे पडतात. मग कापडाचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करून हलक्या हाताने पुसावे. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे डाग सोडतात, म्हणून ते वापरू नये. द्रव थेट स्क्रीनवर कधीही फवारू नये. तो ओघळून खालच्या कडेत शिरतो आणि तिथेच स्क्रीनचे नाजूक सर्किट असते. काचा पुसायचा अमोनियायुक्त द्रव आणि टिश्यू पेपर दोन्ही टाळावेत. चिकाचे डाग बटणांवरच असतील, तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसावे. बटणे गुळगुळीत होऊन चमकत असतील, तर ती घाण नसून प्लास्टिकची झीज आहे. ती ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना, कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीच नव्हते. पॅकबंद वस्तूवर हे सारे छापणे बंधनकारक आहे. बिल मागितले तेव्हा त्याने नुसते ‘सर्व्हिस चार्ज’ लिहून दिले, आणि नंतर डाग दाखवल्यावर “स्क्रीन आधीपासूनच अशी होती” असे सांगून हात वर केले. म्हणून दुरुस्तीला देण्यापूर्वी स्क्रीन बंद व चालू, अशा दोन्ही अवस्थांत तिचे फोटो काढून ठेवावेत, आणि कोणते काम, कोणता पदार्थ, किती काळाची हमी, हे बिलावर लिहून घ्यावे. बिल नाकारणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराने कव्हरचे पैसे परत केले. स्क्रीनचे देण्यास तो तयार नाही. वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. तिथे देण्यासाठी ते बिल, ती बाटली आणि डागांचे फोटो मी एकत्र करून ठेवले आहेत.