पुण्याचा तक्ता, नागपूरचा मे

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, शाळेच्या सामानाच्या दुकानांत आवर्तसारणीचा हा पुण्याचा लॅमिनेटेड तक्ता मिळतो, सोबत १० ग्रॅम गॅलियमची काचेची कुपी. छपाई सुबक, ११८ च्या ११८ संज्ञा मागच्या बाकावरूनही वाचता येतात. स्थायू काळ्या अक्षरांत, वायू लाल, द्रव निळे. वायू ११, द्रव दोनच, ब्रोमीन आणि पारा. मोजणी बरोबर.

घोळ तळाच्या एका ओळीत आहे: ‘खोलीच्या तापमानाला’. कोणत्या खोलीच्या? ‘२५ अंश सेल्सिअस’ असं छापायला हवं होतं. पुण्यात हे खपून जातं. इथे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला, कूलर बंद पडला, की दुपारी खोली चाळिशी गाठते. सीझियम २८.४ अंशांना वितळतं, गॅलियम २९.८ ला, रुबिडियम ३९.३ ला. म्हणजे तक्त्यावर काळी असलेली ही तिन्ही त्या खोलीत द्रव असतात! पांढरा फॉस्फरस ४४ च्या थोडा वर वितळतो, तो जेमतेम वाचतो. ब्रोमीन मात्र ५८.८ ला उकळतं, त्यामुळे त्याची निळी अक्षरं मे महिन्यातही खरीच.

सातव्या ओळीच्या टोकाची सर्वात जड मूलद्रव्यं सरसकट काळी छापलीत, हेही चुकलंच. त्यांचे मोजकेच अणू तयार झालेत, तेही क्षणात विघटित होणारे. अवस्था मोजणार कशी? तिथे करडा रंग हवा.

कुपीची तक्रार मोठी आहे. गॅलियम गोठताना सुमारे ३ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली काच डिसेंबरच्या थंडीत तडकते. कुपी कोमट पाण्यात धरा, धातू प्लास्टिकच्या ड्रॉपरने ओढा, पॉलिथिनच्या बाटलीत वर जागा सोडून ठेवा. काचेला थोडं चिकटून राहीलच. ॲल्युमिनियमच्या डब्याजवळ नेऊ नका. गॅलियम आत शिरून पत्रा ठिसूळ करतं, बोटाने तुटतो.

तळहातावर वितळवून दाखवायचं असेल तर उन्हाळ्यात आधी गोठवावं लागतं. नुसत्या फ्रिजमध्ये ते बरेचदा द्रवच राहतं. आदल्या संध्याकाळी फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर गोठलेल्या गॅलियमचा एक कण आत टाका. त्या कणाभोवती ते पटकन गोठतं.