अंदमानच्या सायकल सहलीचं पॅकेज घेताय? आधी हे वाचा

गेल्या हिवाळ्यात नाशिकमधल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक जाहिरात फिरत होती. अंदमानच्या शहीद द्वीपावर सहकुटुंब सहल, बेट सगळं सायकलवर पाहायचं, हॉटेल, बोट, सायकली आणि हेल्मेटं त्यातच. ती देणाऱ्या माणसाने आम्हाला आणि ओळखीच्या आणखी काही घरांना गंडा घातला. तो अजूनही गिऱ्हाइकं शोधतो आहे, म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

2015 मध्ये आपल्या महाजन बंधूंनी अमेरिका ओलांडणारी रॅम शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशकात सायकलचं वेड वाढतच गेलंय. रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या रस्त्यावर बघा, आईबापांच्या मागोमाग पोरंही पॅडल मारत असतात. ग्रुपवर आलेला माणूस आपल्यातलाच, असं तिथे सगळे धरून चालतात. ह्याने नेमका त्याच विश्वासावर डल्ला मारला.

त्याची बेटाबद्दलची माहिती मात्र पक्की होती. शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचं नील बेट. लहान, बरंचसं सपाट, गाड्यांची वर्दळ कमी, दोन्ही बाजूंना भाजीचे मळे आणि सुपारीच्या बागा. भरतपूरचा किनारा जेटीला लागूनच आहे, सीतापूरला सूर्योदय बघायचा, लक्ष्मणपूरला ओहोटीच्या वेळी खडकाची नैसर्गिक कमान. "ताई, पोरं आरामात चालवतील," हे त्याचं म्हणणंही खरंच होतं. पंचवटीत जन्म काढलेल्या माझ्या सासूबाई तर सीतापूर, भरतपूर, रामनगर ही गावांची नावं ऐकूनच खूश झाल्या. लेकीने त्या बेटासाठी रोज संध्याकाळी सायकलचा सराव सुरू केला.

विमानाची तिकिटं आम्ही आमची काढली होती. बाकीच्या पॅकेजसाठी त्याने निम्मी रक्कम आगाऊ घेतली. वर दोन रकमा वेगळ्या लावल्या: सायकलींचं डिपॉझिट आणि "बेटावर सायकल चालवण्याचं परवाना शुल्क". परवान्याचा कागद आला, त्यावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, खाली सही. निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला, "बाकीचे आत्ताच टाका, नाहीतर हॉटेलवाला व्हाउचर सोडणार नाही." बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या, मुलं झोपायला तयार नाहीत. अशा वेळी कोण वाद घालणार? ही वेळ तो मुद्दाम निवडतो, बाकीच्या घरांशीही तो असाच वागला.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) हॅडो जेटीवर चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीने आमचं बोटीचं तिकीट दोनदा पाहिलं, पीएनआर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. त्या नंबरवर भलत्याच दोघांची नावं होती, तारीखही जुनी. खरं तिकीट घेऊन त्यावर आमची नावं, वयं आणि नवी तारीख चिकटवली होती. नीट पाहिलं तर नावांच्या ओळीतला अक्षरांचा ठसा बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड दिसत होता. सासूबाई बॅगेवर बसून राहिल्या. मुलगा विचारत होता, बोट आपल्याला न घेता का चालली?

हॉटेलला फोन लावला. त्यांच्याकडे आमच्या नावाची चौकशी आली होती, खोल्या काही काळ राखूनही ठेवल्या होत्या, पण पैसे न आल्याने त्या केव्हाच सोडून दिल्या होत्या. आमच्या हातातलं "कन्फर्म्ड व्हाउचर" त्यानेच घरी बनवलेलं होतं. त्याचा फोन तोवर बंद.

फिनिक्स बे जेटीवरून सरकारी बोटीची तिकिटं मिळाली आणि आम्ही उशिरा का होईना बेटावर पोहोचलो. तिथे कळलं की सायकली जेटीजवळच किरकोळ रोजभाड्याने मिळतात, आगाऊ काही भरावं लागत नाही. परवान्याचं विचारल्यावर सायकलवाला आमच्याकडे बघतच राहिला. शहीद द्वीप किंवा स्वराज द्वीपावर (पूर्वीचं हॅवलॉक) फिरायला भारतीयांना कसलाही परवाना लागत नाही. निर्बंध आहेत ते जारवांसारख्या आदिवासींच्या राखीव क्षेत्रांवर, आणि तिथे पर्यटकाला सायकल काय, पायही ठेवता येत नाही. आमच्या "सरकारी" कागदावर तर सगळीकडे नील आयलंड लिहिलेलं होतं, जेव्हा केंद्र सरकारने डिसेंबर 2018 मध्येच बेटाचं नाव बदललंय.

परत आल्यावर त्याची पावती तपासली. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं मालकाच्या पॅनची असतात. पावतीवरच्या नंबरात चौदाच अक्षरं होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही नंबर टाकला की फर्मचं नाव दिसतं, त्याला पैसे पडत नाहीत, लॉगिनही लागत नाही. यूपीआयने पैसे पाठवताना बँकेतलं नाव दिसतं, ते पावतीवरच्या फर्मशी जुळतंय का बघा. आम्हाला एका बाईचं नाव दिसलं होतं, "घरच्यांचं खातं आहे" म्हणाला. उरलेले पैसे देण्याआधी हॉटेलचा नंबर स्वतः शोधून त्यांनाच विचारा, पैसे पोहोचले का? बोटीच्या कंपनीलाही पीएनआर सांगून प्रवाशांची नावं विचारा. एजंटने दिलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो नंबरही त्याच्याच माणसाचा असू शकतो.

पोर्ट ब्लेअरहूनच आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि तेवढ्यामुळेच थोडंफार वाचलं. आधीचे पैसे खात्यातून कधीच निघून गेले होते, पण आदल्या संध्याकाळचा शेवटचा हप्ता अजून तिथेच होता, तो बँकेने रोखला. ते पैसे आता न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतील. म्हणून सहल संपू द्या, मग बघू, असं करू नका, पहिले काही तास फार मोलाचे असतात. "हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा" असं कोणी म्हणालं, तर बनावट तिकीट आणि खोटा परवाना पुढे ठेवा. फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे त्यातूनच दिसतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली हा गुन्हा आहे. चॅट, कॉल रेकॉर्ड, व्हाउचर काहीही डिलीट करू नका. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आम्ही दोन्हीकडे गेलो आहोत.

आता तीच जाहिरात, तेच फोटो, नवीन फर्मच्या नावाने लक्षद्वीपसाठी फिरत आहेत. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना खरोखरच लागतो, त्यामुळे या वेळी त्याचा खोटा कागद लोकांना लगेच पटेल. तो परवाना लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर मिळतो. कोणी तुमच्या हातात तयार परवाना ठेवला, तर पैसे देण्याआधी प्रशासनाकडेच त्याची खातरजमा करून घ्या.