एआयला आपल्यासारखं लिहायला लावायचंय? सूचना, नमुने की फाईन-ट्यूनिंग

गेली काही वर्षं मी आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी दर रविवारचा वृत्तांत लिहितो आणि वर्षभरापासून कच्चा खर्डा एआयकडून करून घेतो, त्यामुळे हल्ली ओळखीतले लोक विचारतात की एआय लिहितं तर छान पण ते आपलं वाटत नाही, काय करायचं? तीन रस्ते आहेत आणि तिन्ही मी वापरून पाहिलेत.

पहिला म्हणजे सूचनांचा. चॅटजीपीटीमधे जुलै २०२३ पासून कस्टम इन्स्ट्रक्शन्स आल्या, एकदा लिहून ठेवा, मग प्रत्येक नव्या चॅटला त्या लागू. पाच मिनिटांचं काम. पण सुरुवातीला रकान्याला १५०० कॅरॅक्टर्सची मर्यादा होती आणि मराठीत ती फार लवकर भरते कारण काना-मात्रा-अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे 'पिठलं' आपल्या हिशोबानं तीन अक्षरं पण तिथं पाच. आणि खरी अडचण जागेची नाहीच. मी 'साधं, बोलीभाषेतलं, पुणेरी लिही' असं सांगितलं होतं, तर सिंहगडाच्या वृत्तांताची सुरुवात आली 'वर्षा ऋतूच्या आगमनाने सिंहगडाचा परिसर हिरवाईने नटला आहे'. मी लिहिलं असतं 'पाऊस लागला की सिंहगडावर पाय ठेवायला जागा नसते, आम्ही पावणेसहालाच आतकरवाडीतून चढायला लागलो'. आता हा फरक विशेषणांनी कसा सांगणार? 'साधं' या शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात एक आणि त्याच्याकडे दुसराच.

एक मात्र आहे, काय नको ते सांगायला सूचना एकदम कामाच्या. वाचणाऱ्याला 'आपण' नको 'तुम्ही' म्हण, 'केवळ अमुक नाही तर तमुक' अशी वाक्यं नकोत, शेवटी बोधामृत नको. एवढ्या तीन ओळींनी निम्मा कचरा जातो, खरंच!

दुसरा रस्ता नमुन्यांचा, आणि माझं मत सांगायचं तर बहुतेकांनी इथंच यावं. क्लॉड या दुसऱ्या एआयमधे जून २०२४ ला प्रोजेक्ट्स आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधे स्टाईल्स, गूगलच्या जेमिनीत 'जेम्स' (Gems) आहेत, चॅटजीपीटीत स्वतःचा जीपीटी बनवता येतो. नावं वेगळी पण तुमच्या कामाची गोष्ट एकच, तुमचं आधीचं लिखाण त्याच्यासमोर कायम राहतं. स्टाईल्समधे थोडा फरक आहे, तिथं नमुन्यावरून शैलीचं वर्णन तयार होतं, ते वाचून हातानं दुरुस्त करा, नाहीतर परत विशेषणांपाशी येऊन थांबतो आपण. मी सहा वृत्तांत टाकले. सगळ्यात चांगले नाही तर वेगवेगळे, एक राजगडाचा लांबलचक, एक पर्वतीचा अगदी आठ ओळींचा, एक ज्यात एकाचा पाय मुरगळला होता तो. सगळे एकाच छापाचे दिलेत तर त्याच छापाचं मिळतं. पुढच्याच खर्ड्यात वाक्यं 'आणि मग' करत लांबायला लागली, मधेच 'चहा झाला.' असं दोन शब्दांचं वाक्य, हे मी सूचनेत कधीच लिहिलं नव्हतं कारण मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मी असं लिहितो.

तोटा आहे. चॅट लांबला की आवाज घसरतो, वीसेक दुरुस्त्यांनंतर परत 'नटलेली हिरवाई' डोकावते. तेव्हा भांडत बसू नका, नवा चॅट उघडा.

तिसरा, फाईन-ट्यूनिंग, म्हणजे मॉडेललाच तुमच्या लिखाणावर पुन्हा शिकवणं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या गाईडमधे किमान १० उदाहरणं लागतात आणि ठळक फरक ५० ते १०० ला दिसतो असं दिलं होतं. ऐकायला थोडं वाटतं पण प्रत्येक उदाहरण प्रश्न आणि उत्तर अशा जोडीत बसवायचं, एपीआयचं, म्हणजे चॅटऐवजी प्रोग्रॅममधून मॉडेल वापरण्याचं, बिल वेगळं, आणि नवीन मॉडेलवर जायचं तर परत पहिल्यापासून. मी ४० जोड्या बनवल्या, दोन शनिवार-रविवार गेले, लय छान पकडली पण एका खर्ड्यात न गेलेल्या गडाचं वर्णन माझ्या आवाजात आलं आणि ते मला फार खटकलं. यातून आवाज शिकला जातो, माहिती खरी राहीलच असं नाही. रोज शेकडो मजकूर एकाच आवाजात काढायचे असतील तर विचार करा, एकट्या माणसानं यात पडू नये.

तर महिन्याला दोन-चार मेल एवढंच काम असेल तर सूचना पुरतात. कोथरूडला कथकचा क्लास चालवणारी माझी मैत्रीण पालकांना दर आठवड्याला मेसेज करते, तिला मी प्रोजेक्ट करून दिला, तिचे स्वतःचे पाच मेसेज आणि 'हे नको' च्या सहा ओळी. फक्त नमुने निवडताना एआय वापरायच्या आधीचेच घ्या, माझ्या सहात एक नंतरचा घुसला होता आणि सगळे खर्डे हळूहळू त्याच्यासारखे व्हायला लागले, तो काढला तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.