कास रस्त्यावरील घरगुती खानावळ आणि पथ्याचे ताट

मला गेली आठ वर्षे आम्लपित्ताचा त्रास आहे आणि दूधही पचत नाही. पत्नीला गहू सोसत नाही. घरी हे पथ्य सहज सांभाळले जाते, परंतु प्रवासात प्रत्येक जेवणाच्या वेळी ते नव्याने कुणाला तरी समजावून सांगावे लागते. सप्टेंबरच्या अखेरीस, कास पठार बहरात असताना, आम्ही सांगलीहून साताऱ्याला चार दिवसांसाठी गेलो होतो. यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर कासच्या रस्त्यालगत एका घराच्या ओसरीवर चालणाऱ्या खानावळीत आम्ही त्या मुक्कामात तीन वेळा जेवलो. त्या जागेवर फलक नाही. आसपासचे लोक तिला नुसते ‘मावशींकडं’ म्हणतात. अशीच पथ्ये असणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

तिथे काय वेगळे होते हे कळण्यासाठी आदल्या रात्रीचा प्रसंग सांगणे आवश्यक आहे. गुरुवारी पोहोचायला उशीर झाल्यामुळे आम्ही शहरातील एका मोठ्या हॉटेलात जेवलो. तिखट नको, टोमॅटो नको, दूध-मलई नको आणि पत्नीला गव्हाचा स्पर्शही नको, असे मी वेटरला दोनदा सांगितले. ‘काळजीच करू नका सर’ एवढेच उत्तर मिळाले. पांढऱ्या रश्श्यातली भाजी आली, ती चवीला सौम्य होती, म्हणून मी ती विश्वासाने खाल्ली. तिच्यात मलई होती हे बिल देताना विचारल्यावर समजले. ज्वारीची भाकरीही गव्हाच्या पिठावर थापलेली निघाली. रात्री दोन वाजता आंबट पाणी घशाशी आल्याने मी उठून बसलो आणि पहाटेपर्यंत खुर्चीतच होतो.

त्या वेटरने जाणूनबुजून फसवले असे मला वाटत नाही. बहुतेक हॉटेलांत लाल, पिवळी आणि पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार करून ठेवलेल्या असतात. लाल ग्रेव्हीचा आधार टोमॅटो आणि कांदा हा असतो, तर पांढरीत काजू, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि पुष्कळदा मलई असते. ऑर्डर आल्यावर आचारी फक्त वरून मिरची कमी घालू शकतो. आधीच शिजलेले तेल, टोमॅटो किंवा मलई त्याला काढता येत नाही. जठर आणि अन्ननलिका यांच्यामधील झडप सैल असलेल्या माणसाला तर मिरचीइतकाच तेलातुपाचाही त्रास होतो, कारण स्निग्ध अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते आणि ती झडपही आणखी सैल करते. त्यामुळे ‘कमी तिखट’ एवढे सांगून आपले काम भागत नाही, हे मला त्या रात्री पुन्हा एकदा पटले.

शुक्रवारी सकाळी पठारावरून परतताना आम्ही मावशींकडे थांबलो. मी पथ्य सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हातातले काम ठेवून सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “दादा, आमटी सकाळीच झालीया, तिखट पडलंय तिच्यात. ती तुम्ही खाऊ नका. तुमच्यापुरतं साधं वरण टाकते, पण अर्धा तास लागंल.” आठ वर्षांत कुठल्याही भोजनालयात मला इतके सरळ उत्तर मिळालेले नव्हते. काय देता येणार नाही हे त्यांनी आधी सांगितले, म्हणून जे देता येईल त्यावर निर्धास्तपणे विश्वास ठेवता आला.

अर्ध्या तासाच्या जागी चाळीस मिनिटे लागली. मग हिंग-जिऱ्याची अगदी थोड्या तेलातली फोडणी दिलेले मुगाचे वरण, मऊ शिजवलेला इंद्रायणीचा भात, मिरचीऐवजी आल्याचा किस घातलेली दोडक्याची भाजी आणि नाचणीची भाकरी असे ताट आले. दोडका कोवळा होता आणि त्याचा स्वतःचा गोडवा जिभेला कळत होता. तिखट आणि मसाला नसलेले जेवण बेचव असते, असा बाहेर सर्वत्र समज असतो, आणि पथ्य म्हटले की पाण्यासारखे वरण व मीठ नसलेला भात पुढे येतो. इथे तसे मुळीच नव्हते. वरणात मीठ नेमके होते, भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, आणि शेजारी ठेचा खाणाऱ्या मंडळींकडे पाहूनही मला काही कमी पडल्यासारखे वाटले नाही.

एक गोष्ट मात्र मावशींना ठाऊक नव्हती. बाजारात मिळणाऱ्या बांधानी, म्हणजे पीठ-डिंक मिसळून बांधलेल्या, हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. पत्नीने विचारताच त्यांनी डबी आणून दाखवली. घटकांच्या यादीत गव्हाचे पीठ स्पष्ट लिहिलेले होते. पत्नीने वरण बाजूला ठेवले. मावशींनी वाद न घालता तिच्यासाठी भातावर साजूक तूप वाढले आणि रात्री फक्त जिरे-हळदीची फोडणी दिली. गहू वर्ज्य असणाऱ्यांनी हिंगाची डबी प्रत्येक ठिकाणी अवश्य मागून पाहावी. दूध न पचणाऱ्यांना एक दिलासा असा की साजूक तुपात दुग्धशर्करा, म्हणजे दुधातली न पचणारी साखर (लॅक्टोज), जवळजवळ उरत नाही. मला ते चमचाभर सहज चालते. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र खव्याचे, त्यामुळे ते घरच्यांसाठी घेतले आणि डबा उघडला नाही.

रात्रीचे जेवण इथे सात वाजताच मिळते आणि आठनंतर चूल बंद होते. तक्रार करणारी एक-दोन कुटुंबे मी पाहिली, परंतु आमच्यासारख्यांना ही वेळ फार सोयीची आहे, कारण जेवणानंतर निदान दोन-तीन तास आडवे न होणे हे या विकारातले मुख्य पथ्य आहे. शुक्रवारी सात वाजता जेवून, अंगणात सावकाश फिरून आम्ही दहा वाजता झोपलो, तेव्हा मी डाव्या कुशीवर सकाळपर्यंत झोपलो.

उणिवाही सांगायला हव्यात. चहा दूध घालूनच उकळलेला असतो आणि वेगळा करून मिळत नाही. बसायला लाकडी बाके आहेत, ज्येष्ठांना पाठ टेकता येत नाही. भजी तळणे सुरू झाले की तेलाचा धूर ओसरीवर पसरतो, तेव्हा कडेची जागा मागून घ्यावी. पथ्याच्या ताटाचे पैसे नेहमीच्या ताटाइतकेच घेतले गेले.

शनिवारी दुपारी आम्ही सज्जनगडावर प्रसादाच्या पंगतीत बसलो. खीर गव्हाची होती, म्हणून पत्नीने वाढप्याला हात जोडून नकार दिला, आणि त्याने काही न विचारता तिला भात वाढला. संध्याकाळी परतल्यावर मावशींना दुसऱ्या दिवसाचे विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. रविवारी पठारावर येणाऱ्यांची गर्दी असते, गव्हाच्या चपात्या आणि भाकऱ्या एकाच तव्यावर भाजाव्या लागतात, आणि वेगळे वरण टाकायला चुलीवर जागा नसते. “त्या दिवशी माझा भरवसा धरू नका,” असे त्या म्हणाल्या. आम्ही रविवारी निवासाच्या मालकांकडून शेगडी मागून घेतली आणि खोलीवरच मऊ भात केला. निघताना मावशींनी सोमवार ते शुक्रवार आदल्या दिवशी फोन करून यायला सांगितले आहे.