आमच्या होमस्टेचा स्पॅमअसॅसिन: सहा खोल्या, एक वही

गेल्या चतुर्थीनंतर गोव्यातल्या मोरजीच्या होमस्टेच्या ईमेलला स्पॅमअसॅसिन, म्हणजे नको असलेले मेल (स्पॅम) ओळखणारा फिल्टर, लावून घेतला. वर्ष होत आलं, तेव्हा आता दोन शब्द लिहायला हरकत नाही. २००१ पासूनचा, फुकटचा प्रोग्राम. आमच्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तो आधीपासून पडून होता, नुसता चालू करायचा होता.

मला आवडलं ते हे, की तो कारण सांगतो. प्रत्येक मेलला गुण देतो, ५ झाले की स्पॅम. मेलचा हेडर, म्हणजे वरची तांत्रिक माहिती, उघडला की कुठल्या नियमाचे किती गुण पडले ते दिसतं. दर सोमवारी चहा पिता पिता मी ते जुन्या बिलबुकाच्या पाठीमागे उतरवतो. वहिनी म्हणते, "भावजी, कचऱ्याचाही हिशेब?"

पण त्या हिशेबातच चित्र दिसलं. औषधं आणि लॉटरीवाले बदनाम सर्व्हरवरून येतात, दहा-बारा गुण खाऊन दारातच पडतात. ते आता कमी झालेत. वाढलेत ते 'तुमची वेबसाईट गूगलच्या पहिल्या पानावर नाही' म्हणणारे. साध्या जीमेल खात्यावरून येतात, मेल कुठून आला ते तपासणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही चाचण्या पास, गुण जेमतेम दोन. मेल खरोखर जीमेलवरूनच आलाय एवढंच त्यातून कळतं, पाठवणारा कोण ते नाही. तिथे हा फिल्टर हात टेकतो.

नोव्हेंबरात सीझन लागला आणि नवीनच प्रकार सुरू झाला. 'तुमच्या खोलीत ढेकूण चावले, फोटो या लिंकवर बघा.' वहिनी गाद्या उलटायला निघाली होती. मी मेल परत वाचला: खोली नंबर २०४. आमचं घर बैठं, खोल्या सहा!

शिकवलं तर हा फिल्टर सुधारतो, पण त्याचा बेझवाला भाग, म्हणजे आधीच्या मेलवरून अंदाज बांधायला शिकणारा, २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय तोंडच उघडत नाही. ते शिकवणं आमच्या पॅनेलवरून होत नव्हतं, होस्टिंगवाल्याला चार फोन करावे लागले. त्यात मी अक्कल पाजळली. रशियन अक्षरं दिसली की सरसकट स्पॅममध्ये टाकत गेलो. दर जानेवारीला येणाऱ्या रशियन जोडप्याचा बुकिंगचा मेल नऊ दिवस तिथेच पडून राहिला. शेवटी त्यांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, यंदा बंद आहे का? मग त्यांचे जुने मेल शोधून 'हे चांगले' म्हणून परत शिकवले. चूक माझी, त्याचे गुण कापत नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो जीमेलवाल्यांपायी.

आता पाऊस आहे, खोल्यांना कुलूप. वहीत मात्र सोमवारची ओळ चुकत नाही. या आठवड्यात कचऱ्याचे मेल एकोणतीस, त्यांतले अकरा गूगलच्या पहिल्या पानाचे.