व्हिसा एक, सिम दोन

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात 32 वर्षं काढल्यामुळे प्रवासातही माझ्या पर्समध्ये वही असते. मे महिन्यात आम्ही दोघं पंधरा दिवसांच्या युरोप सहलीला जाऊन आलो. सहलीचे पैसे एकरकमी भरलेले, म्हणून वहीत लिहायला उरलं काय, तर पाण्याच्या बाटल्या, सार्वजनिक शौचालयाचे युरो आणि मोबाइलचा डेटा. पहिल्या दोन गोष्टींवर फारसं बोलण्यासारखं नाही. तिसरीवर आहे.

घरात दोन पक्ष होते. ह्यांनी आपल्या नेहमीच्या कंपनीचा दहा दिवसांचा परदेशी रोमिंग पॅक घेतला. कर धरून तीन हजार शंभरच्या आसपास. त्यात डेटा आणि शंभर मिनिटं बोलणं. "नंबर तोच राहतो, कसली खटपट नाही." पंधरा दिवसांच्या सहलीला दहा दिवसांचा पॅक कशाला, असं विचारलं तर म्हणाले, शेवटचे पाच दिवस हॉटेलच्या वायफायवर निघतील. मी घेतलं ई-सिम. 'युरोप, 10 जीबी, 30 दिवस', 1,850 रुपये. दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. ई-सिम विकणाऱ्या दुकानांपैकी बऱ्याच जणांचा माल दुसऱ्याच्या कारखान्यातला असतो. बघायची ती देशांची यादी, आणि तीच मी नीट बघितली नाही. त्याचं पुढे येईलच.

ई-सिम म्हणजे कार्ड नसलेलं सिम, ते फोनच्या पोटातच असतं. आपल्या फोनमध्ये ती सोय आहे का हे बघायला *#06# दाबायचं आणि आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकांच्या, यादीत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसतो का ते पाहायचं. माझ्या फोनवर दिसला, ह्यांच्या फोनवर नाही, म्हणून त्यांच्यापुरता वाद तिथेच मिटला होता. क्यूआर कोड ईमेलने आला, तो माझ्याच फोनवर. ज्या फोनने स्कॅन करायचं त्याच फोनवर कोड, आता करायचं काय? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतला, दहा रुपये. स्टुटगार्टला असलेला भाचा नंतर म्हणाला, "मावशी, हल्लीच्या फोनवर कोड बोटाने दाबून धरला तरी चालतं." वहीत दहा रुपये लिहून झाले होते.

घरच्या वायफायवर पाच मिनिटांत काम झालं. माझ्या पॅकचे 30 दिवस तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर मोजायला सुरुवात होणार होती, त्यामुळे आठवडाभर आधी बसवून ठेवण्यात काही तोटा नव्हता. दोन्ही सिमना मी नावं दिली, 'भारत' आणि 'युरोप'. खरी मेख पुढे आहे. डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर बिल येईल, हे आपल्या डोक्यात इतकं बसलेलं असतं की आपण सगळीकडे ते बंद करून टाकतो. पण ई-सिम मुळातच कुठल्यातरी तिसऱ्या देशाचं असतं आणि पॅरिसलाही ते पाहुणंच. त्याचं रोमिंग चालू ठेवावंच लागतं, बंद ठेवायचं ते भारताच्या सिमचं. शिवाय एक सिम थंडावलं की फोन आपणहून दुसऱ्याचा डेटा घेतो, तेही बटण बंद करायचं. आमच्या गटातल्या दोघींची ई-सिमं याच कारणाने पॅरिसमध्ये अर्धा दिवस 'बिघडलेली' होती. मी दुरुस्त करून दिली आणि उरलेल्या सहलीत मला 'नेटवर्कवाल्या काकू' हे पद मिळालं.

आधी दुबई. रात्री विमान बदलायचं होतं. विमानतळाच्या फुकट वायफायवरून माझे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज भराभर गेले, पण मुलीला कॉल काही लागेना. अमिरातीत इंटरनेटवरच्या कॉलवर बंधनं आहेत हे मला माहीत होतं. ह्यांनी मात्र आपला रोमिंगचा डेटा सुरू केला आणि व्हिडिओ कॉल एका झटक्यात लागला. कारण सरळ आहे. रोमिंगवरचा डेटा तिथल्या इंटरनेटवर उतरत नाही, तो मायदेशी आपल्या कंपनीकडे येऊन मग बाहेर पडतो. त्यामुळे फोन दुबईत असला तरी इंटरनेटच्या लेखी तो भारतातच. ह्यांनी आसपासच्या चार बाकांवर ऐकू जाईल अशा आवाजात मुलीला हे समजावून सांगितलं. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. दीड तासात तारीख बदलली आणि दहातला एक दिवस खर्ची पडला. पॅकचे दिवस भारतीय तारखेने मोजले जात होते. अर्थात हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन या भागाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि तीच त्या ई-सिमची सगळ्यात मोठी स्तुती. बस एका देशातून दुसऱ्या देशात शिरायची आणि फोन वरची कंपनी बदलून पुढे चालू लागायचा. युरोपीय संघाने 15 जून 2017 पासून आपल्या लोकांचं आपसातलं रोमिंग शुल्क काढून टाकलं, तेव्हापासून तिथल्या सिमला संघाच्या आत सरहद्द जाणवत नाही. पॅरिसमध्ये दिवसाला 500 ते 600 एमबी लागत होते. एका संध्याकाळी नातवाचं नाच दाखवणं चाललं आणि 1.1 जीबी गेले. फोटो आपोआप वर चढवणं मात्र निघतानाच बंद केलं होतं, नाहीतर नातवापेक्षा आयफेल टॉवरच महाग पडला असता.

सातव्या दिवशी ब्लॅक फॉरेस्टमधून, कोकिळेच्या घड्याळांच्या दुकानावरून, बस ऱ्हाईनच्या धबधब्याकडे निघाली. तो धबधबा स्वित्झर्लंडमधल्या शाफहाऊझेनजवळ आहे आणि त्या भागाला जवळजवळ सगळीकडून जर्मनीचा वेढा. फोन कधी जर्मन नेटवर्क पकडायचा, कधी सोडायचा. मग कायमचं सोडलं. वर स्विस कंपनीचं नाव, खाली डेटा शून्य. फोन बंद करून चालू केला, विमानाचं चिन्ह लावलं, काढलं. शेवटी ई-सिमच्या अ‍ॅपमधली देशांची यादी उघडायला गेले, तर ती उघडायलाही डेटा लागतो.

ह्यांचा फोन मजेत चालू होता. त्यावरून भाच्याला विचारलं. तो हसला. "मावशी, स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत आहे, युरोपीय संघात नाही. व्हिसा एकच चालतो, सिम नाही. माझ्या पहिल्या जर्मन सिमवर मीसुद्धा बाझेलला असाच अडकलो होतो." आणि हे आमच्या सहलीच्या कंपनीच्या माहितीपत्रकात, व्हिसाच्या कागदांत, कुठेही कुणी सांगितलं नव्हतं. व्हिसाचा नकाशा बघून मी सिम घेतलं होतं. दोन्ही नकाशांना लोक युरोपच म्हणतात. नॉर्वे आणि आइसलंड संघात नाहीत, तरी रोमिंगच्या नियमात आहेत. स्वित्झर्लंड त्यातही नाही. ब्रिटन तर आता बाहेरच पडलंय. ज्यांच्या सहलीची सुरुवात लंडनपासून असते त्यांनी यादीत ते नाव वेगळं शोधावं. अशा पॅकात स्वित्झर्लंड असूही शकतं, कित्येक कंपन्या देतात. माझ्या पॅकात नव्हतं आणि 32 वर्षं दुसऱ्यांच्या पावत्यांवर लाल शेरे मारणाऱ्या बाईने यादी न वाचता पैसे भरले होते.

आमचा मुक्काम इंटरलाकनजवळ तीन रात्रींचा. हॉटेलच्या वायफायवरून त्याच अ‍ॅपमध्ये स्वित्झर्लंडचं वेगळं 1 जीबीचं पॅक घेतलं, 420 रुपये. आणि इथे 'भारत' सिमने आपली किंमत वसूल केली. कार्डाने पैसे भरताना बँकेचा ओटीपी आला तो त्याच्यावर. मी त्यावर काही पॅक घेतलं नव्हतं. निघायच्या आधी फक्त आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलं होतं आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी व्यवहार. माझ्या योजनेत येणारा एसएमएस फुकट होता. दोन दिवसांनी लुत्सर्नच्या स्टेशनवरचं फुकट वायफाय वापरायला गेले, त्यानेही आधी मोबाइल नंबर मागितला आणि त्यावर कोड पाठवला. म्हणजे फुकटच्या वायफायलासुद्धा कुठे कुठे चालू नंबर लागतो. आमच्या गटातल्या एका काकांनी मुंबईहून परदेशी सिमचं कार्ड घेतलं होतं. विमानात त्यांनी भारतातलं सिम काढलं, ते काढायला माझ्या बांगडीतली सेफ्टी पिन वापरली, आणि नखाएवढं ते कार्ड पाकिटात कुठे ठेवलं ते रोमपर्यंत सापडलं नाही. त्यांना डेटा सगळीकडे मिळाला, ओटीपी एकही नाही. खरेदी काकूंच्या रोख युरोंवर झाली आणि काकू त्याबद्दल फार नाराज दिसल्या नाहीत.

युंगफ्राउयोख हे डोंगरावरचं रेल्वे स्टेशन 3,454 मीटरवर आहे. शेवटची गाडी आयगर डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जाते. बाहेर बर्फ, आत हिंदुस्थानी जेवण आणि फोनला साताऱ्यापेक्षा बरी रेंज. ह्यांनी तिथून सातजणांना व्हिडिओ कॉल केले. मी एकच केला, कारण माझ्या स्विस 1 जीबीचा हिशेब मला सांभाळायचा होता. "रोमिंग पॅक घेतला असतास तर," असं दिवसातून तीनदा ऐकून घेतलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोरच्या डोंगरावर अजून उन्हं होती. हे धाकट्या भावाशी बोलत होते आणि मध्येच आवाज तुटला. घड्याळात साडेआठ. उन्हाळ्यात ते देश आपल्या साडेतीन तास मागे असतात. साताऱ्यात बारा वाजले, तारीख पालटली आणि दुबईच्या त्या दीड तासासकट दहा दिवस पूर्ण झाले. मी काही बोलले नाही. वहीत फक्त वेळ लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाकडे जाताना बस लिख्टेनश्टाइनच्या राजधानीत, फाडुट्सला थांबली. लिख्टेनश्टाइन हा इतका लहान देश की आमच्या तालुक्यात सहज मावेल, चलन स्विस फ्रँक, बराचसा कारभार शेजारच्या स्वित्झर्लंडशी बांधलेला. पण तो रोमिंगच्या नियमात आहे. माझ्या युरोपच्या पॅकात त्याचं नाव होतं! स्विस पॅक गप्प झालं, मी 'युरोप' चालू केलं, नेटवर्क हाताने निवडलं आणि तीन दिवस झोपलेलं सिम जागं झालं. बाकीचे पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून घ्यायला रांगेत होते.

तिथून रोमपर्यंत ह्यांचा फोन माझ्या हॉटस्पॉटवर. त्यामुळे ते माझ्यापासून फार लांब जात नव्हते, हा न ठरवलेला फायदा. व्हेनिसच्या गल्ल्यांत एकदा गेलेच. माझ्या ई-सिमला फक्त डेटा, बोलायला नंबर नाही. ह्यांना व्हॉट्सअ‍ॅप कॉल करावा तर हॉटस्पॉट माझ्या हातात. शेवटी 'भारत' सिमवरून साधा फोन लावला. पॅक नसताना मिनिटाला जे काही पडतं ते पडलं, बिलात बघून जीव कळवळला. हे मात्र सापडले नकाशामुळे. निघताना दोन्ही फोनांत शहरांचे नकाशे उतरवून ठेवले होते, आणि आपण कुठे आहोत हे दाखवायला नकाशाला डेटा लागत नाही, आकाशातले उपग्रह पुरतात. अरुंद गल्लीत निळा ठिपका दोन घरं इकडेतिकडे उडतो, तेवढं सोडा.

हिशेब असा. माझे 1,850 अधिक 420, झाले 2,270 रुपये. त्यात पंधरा दिवस मी आणि पाच दिवस हे. झेरॉक्सचे दहा आणि व्हेनिसचा तो फोन वेगळा. ह्यांचे 3,100, त्यात कागदावर दहा दिवस आणि हातात नऊ. शंभरातली 61 मिनिटं न वापरता गेली. दोन-तीन दिवसांचं काम असेल, सतत साधे फोन करावे लागणार असतील किंवा फोनमध्ये ई-सिमची सोयच नसेल, तर रोमिंग पॅकच घ्यावा, फक्त दिवस कसे मोजतात ते लेखी विचारून. आठवड्यापेक्षा मोठ्या सहलीला मी ई-सिमच घेईन. त्याला पाचपैकी चार तारे. एक कापला तो, पहिल्याच पानावर 'युरोप' एवढंच ठळक लिहून देशांची यादी तीन पडद्यांच्या खाली ठेवल्याबद्दल.

परतलो तेव्हा माझ्या पॅकात 2.6 जीबी शिल्लक होते. तीस दिवस भरल्यावर तेही गेले. हे अजून विचारतात, त्याचे पैसे परत मागायला अर्ज करता येतो का.