न्यूयॉर्कचा ‘कॅसॅक’ कोर्स: पैसे कुठे वसूल झाले, कुठे नाही

न्यूयॉर्क राज्यात व्यसनमुक्ती समुपदेशक होण्यासाठीच्या ह्या कोर्सला पाचपैकी साडेतीन. कापलेला दीड गुण जाहिरातीचा आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा. शनिवारच्या प्रत्यक्ष वर्गाला वेगळे गुण द्यायची सोय असती तर डोळे झाकून पाच दिले असते.

संस्थेचं नाव लिहीत नाही. न्यूयॉर्कमध्ये असे कोर्स चालवणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत, शिकवणारे इकडून तिकडे जात असतात, आणि मी जे सांगणार आहे ते त्यातल्या बहुतेकांना विचारण्यासारखं आहे. माझी पार्श्वभूमी एवढीच की पुण्यात एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं मास्टर्स केलं, लग्नानंतर इकडे आले, काही वर्षं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरी काढली आणि वर्क परमिट हातात आल्यावर आधी व्यसनमुक्तीच्याच कामाची चौकशी केली. ‘तुला दारुड्यांमध्येच काम करायची हौस का’ हा प्रश्न दोन्ही घरांतून येऊन गेलेला आहे, तेव्हा तो इथे विचारू नये.

हा कोर्स कशासाठी ते आधी. न्यूयॉर्क राज्यात व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणून जबाबदारीच्या जागेवर बसायचं तर ‘कॅसॅक’ हे राज्याचं प्रमाणपत्र काढतात. ते देतं राज्य सरकारचं ‘ओएसिस’ हे खातं. मिळवायला किमान वय १८ आणि हायस्कूल पास किंवा जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा) एवढं शिक्षण पुरतं. पुढे ३५० तासांचं वर्गशिक्षण, ६,००० तासांचा कामाचा अनुभव, त्या अनुभवातच ३०० तास वरिष्ठाच्या देखरेखीखाली केलेलं प्रात्यक्षिक, आणि परीक्षा. संबंधित विषयात बॅचलर्स असेल तर अनुभवातले २,००० तास माफ, मास्टर्स असेल तर ४,०००. शिवाय तुम्ही निम्म्याहून जास्त काळ न्यूयॉर्क राज्यात राहत किंवा काम करत असायला हवं.

आता जाहिरात काय म्हणते? ‘काही महिन्यांत व्यसनमुक्ती समुपदेशक व्हा.’ आठवड्याला ४० तास धरले तरी ६,००० तास म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. काही महिन्यांत होतात ते ३५० तास, आणि त्यावर मिळतं ते ‘ट्रेनी’चं प्रमाणपत्र. ते काही निरुपयोगी नाही. त्याच्याच जोरावर केंद्रात नोकरी मिळते आणि तास मोजायला सुरुवात होते. पण हे मला फी भरण्याआधी ओएसिसच्या पानावरून कळलं, संस्थेच्या माणसाने फोनवर एकदाही सांगितलं नाही. मी थेट विचारलं तेव्हा ‘हो, ते पुढचं आहे’ म्हणून विषय बदलला. फी दोन हजार डॉलरच्या आसपास, हप्ते करून दिले. परीक्षेचे आणि अर्जाचे पैसे वेगळे.

३५० तासांची वाटणी राज्यानेच ठरवून दिली आहे. व्यसन म्हणजे काय, नशेचे पदार्थ शरीरात काय करतात, ह्याला ८५. समुपदेशनाला १५०. तपासणी, उपचाराचा आराखडा आणि नोंदी ह्यांना ७०. नीतिनियम आणि व्यावसायिक जबाबदारीला ४५. आमच्याकडे पहिला भाग जवळजवळ सगळा व्हिडिओवर, आणि तिथेच कोर्स सर्वात कच्चा. एका व्हिडिओत अजून सांगत होते की ब्युप्रेनॉर्फिन हे हेरॉइनसारख्या व्यसनावरचं औषध लिहून द्यायला डॉक्टरला खास परवाना, म्हणजे ‘एक्स वेव्हर’ लागतो. ती अट २०२२ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने गेली. दुसऱ्या व्हिडिओत खात्याचं २०१९ च्या आधीचं नाव. आणि तुम्ही झोपला नाहीत हे सिद्ध करायला दर थोड्या वेळाने पडद्यावर एक चौकोन येतो, त्यावर टिचकी मारायची. भाजी फोडणीला टाकली आणि तेवढ्यात चौकोन येऊन गेला तर तो धडा पहिल्यापासून. राज्याला तास मोजून हवे आहेत हे समजतं, पण मोजायची ही रीत शिक्षेची वाटते.

मेथाडोनचा धडा मात्र त्या व्हिडिओंमध्येही छान होता. हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन रोज ठरलेल्या मात्रेत देऊन माणसाला उभं करायचं हा प्रयोग १९६० च्या दशकात इथेच, मॅनहॅटनमधल्या रॉकफेलर संशोधन संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मरी नायस्वॉन्डर ह्या डॉक्टरांनी केला. आज माझ्या क्लिनिकमध्ये सकाळी सकाळी रांगेत उभी असलेली माणसं त्याच औषधासाठी येतात, डोस घेऊन कामाला जातात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ असं आपल्याकडचे शिकलेले लोकही म्हणतात. त्यांना हा तासाभराचा धडा दाखवावा.

शनिवारचा वर्ग क्वीन्समध्येच, प्रत्यक्ष. शिकवायला एक बाई होत्या, अनेक वर्षं केंद्रात काम करून निवृत्त झालेल्या. पुस्तक उघडायच्या नाहीत. पहिल्याच वर्गात स्वयंपाकघरातला मोजायचा कप, पाण्याची बाटली आणि वेगवेगळे ग्लास मांडले. ‘एक ड्रिंक’ ओतून दाखवा म्हणाल्या. प्रत्येकाचं ड्रिंक वेगळं. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, मग ती ३५५ मिलीची साधी बिअर असो की दीड औंस व्हिस्की. मी घरी येऊन आपल्या पेगचा हिशेब केला. भारतातली व्हिस्की बहुधा ४२.८ टक्क्यांची. ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये २० ग्रॅमच्या वर अल्कोहोल जातं. म्हणजे ‘मी काय, दोनच पेग घेतो’ म्हणणाऱ्या काकांचे इथल्या मापाने जवळजवळ तीन ड्रिंक होतात, आणि तेही माप लावून ओतलं तर. गणपतीच्या आरतीला भेटणाऱ्या मंडळींपैकी निम्म्यांच्या तपासणी फॉर्मवर आकडा चुकीचा पडेल. आता मी ‘किती पेग’ विचारून थांबत नाही, ‘बाटली किती दिवस जाते’ हेही विचारते.

नोंदींचा भाग रटाळ असेल असं वाटलं होतं, निघाला सर्वात कामाचा. मुलाखतीचा सराव झाल्यावर प्रत्येकाने अर्धं पान टिपण लिहायचं. माझ्या टिपणात होतं, ‘क्लायंट समस्या मान्य करत नाही, वृत्ती बचावात्मक.’ बाईंनी पूर्ण वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘तो काय म्हणाला?’ तो म्हणाला होता, ‘बायकोने पाठवलं म्हणून आलो, मी रोज कामाला जातो.’ तेच अवतरणात लिहायचं. पुढच्या आठवड्यात दुसरा समुपदेशक फाइल उघडेल तेव्हा त्याला माणूस भेटला पाहिजे, माझं मत नको. आराखड्यातही तेच. ‘दारू कमी करेल’ चालत नाही. ‘मंगळवार आणि गुरुवारच्या गटाला येईल, शनिवारी रात्री भावाकडे राहील’ असं लिहायचं, म्हणजे झालं की नाही हे कुणालाही तपासता येतं.

आणि तो फोनवर बोलायचा सराव. व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींसाठी इथे ‘४२ सीएफआर पार्ट २’ म्हणून केंद्रीय नियम आहेत, मूळ १९७० च्या दशकातले, २०२४ मध्ये बऱ्यापैकी बदललेले. साध्या दवाखान्याच्या गोपनीयतेहून कडक. एखादा माणूस आपल्याकडे उपचाराला येतो की नाही, हेसुद्धा त्याच्या लेखी संमतीशिवाय फोनवर सांगायचं नाही. बाईंनी माझ्यासाठी मुद्दाम भारतीय मावशी व्हायचं ठरवलं. ‘मी लांबून फोन करतेय, माझा भाचा तुमच्याकडे असतो ना? त्याची आई आजारी आहे. तो बरा आहे एवढंच सांग बाळा.’ मी म्हटलं, ‘इथे कोण येतं, कोण येत नाही, हे मला सांगता येत नाही.’ ‘म्हणजे आहे तर!’ मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. ‘अगं, तू आपल्यातली ना?’ वर्ग हसत होता, माझ्या तळहाताला घाम. मला पुण्यात हे कुणी शिकवलं नव्हतं. तिथे नातेवाईक दारातच बसलेले असतात, आणि उपचारात घर असतंच. मुक्तांगणने १९८६ पासून येरवड्यात जे काम उभं केलं त्यात बायकांचा, कुटुंबाचा वाटा केवढा मोठा आहे हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. इथे तेच करायचं, पण आधी त्या माणसाची सही घेऊन. दोन्ही रीती आपापल्या जागी पटतात. मात्र मराठी घरातला माणूस समोर आला की मला संमतीचा कागद पहिल्याच भेटीत पुढे करावासा वाटतो, कारण मावशीचा फोन येणारच.

वर्गात माझ्या शेजारी ब्राँक्सचे एक गृहस्थ बसायचे. साठीच्या पुढचे, बसचालक म्हणून निवृत्त, वीसहून अधिक वर्षं सोबर, म्हणजे नशेपासून लांब. शिक्षण जीईडी. निबंध लिहिताना घाम फुटायचा त्यांना, पण सरावाच्या मुलाखतीत ते समोर बसले की समोरचा माणूस आपोआप खरं बोलायला लागायचा. माझ्या मास्टर्समुळे माझे ४,००० तास वाचले, त्यांना सगळे भरायचे आहेत. हे मला जरा खटकतं. पण हायस्कूलची अट ठेवून राज्याने अशा माणसांना दार उघडं ठेवलं आहे हे मला सगळ्यात पटलं. मुक्तांगणमध्येही बरी झालेली माणसंच पुढच्यांच्या सोबत उभी राहतात. फक्त पदवीवाल्यांनाच घ्यायचं ठरवलं तर हे गृहस्थ गेटवरच थांबतील आणि माझ्यासारख्या आत येतील. तोटा क्लायंटचा.

परीक्षेची तयारी कोर्समध्ये आहे, बेताची. परीक्षा आयसी अँड आरसी ह्या संस्थेची. १५० बहुपर्यायी प्रश्न, तीन तास, गुण २०० ते ८०० ह्या पट्टीवर आणि ५०० ला पास. दीडशेपैकी २५ प्रश्न चाचणीपुरते असतात, ते गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते तुम्हाला सांगत नाहीत. प्रश्नांचा स्वभाव असा की चारही उत्तरं बरोबर वाटतात आणि विचारलेलं असतं, ‘सर्वात आधी काय कराल?’ आपल्या पाठांतराच्या सवयीला हा चांगला दणका. संस्थेच्या सराव-प्रश्नांमध्ये व्याख्याच जास्त विचारल्या आहेत. वेगळं पुस्तक घ्यावं लागलं. माझी परीक्षा अजून व्हायची आहे.

‘नोकरी मिळवून देण्यास मदत’ म्हणजे केंद्रांच्या पत्त्यांची एक पीडीएफ. त्यातली काही बंद झालेली. नोकरी मला त्याच शनिवारच्या बाईंच्या ओळखीने लागली.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण एडिसन आणि जर्सी सिटीहून मला बऱ्याच जणींनी विचारलं. नदी ओलांडली की सगळं बदलतं. तिथे सीएडीसी ह्या समुपदेशकाच्या प्रमाणपत्राला २७० तासांचं शिक्षण आणि ३,००० तासांचा अनुभव, आणि वरच्या एलसीएडीसी परवान्याला मास्टर्स लागतं. टेक्सासमध्ये पुन्हा वेगळं, तिथे किमान असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री आणि ४,००० तास. नवऱ्याची बदली व्हायची शक्यता असेल तर आधी तिथल्या राज्याचं पान उघडा. एच-फोर असेल तर आणखी एक: ३५० तास परमिटशिवाय करता येतील, पण पगारी कामाचे तास वर्क परमिटशिवाय सुरूच होत नाहीत, आणि ते परमिट २०१५ च्या नियमाप्रमाणे मुख्यतः नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तरच मिळतं. भारतातली डिग्री इथल्या मूल्यमापन संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मागवायला लागणारा वेळ कोर्सच्या वेळेत धरा. माझा कोर्स संपला तरी पाकीट आलं नव्हतं.

घ्यावा का? वर्ग प्रत्यक्ष असेल तर घ्या. सगळंच व्हिडिओवर असेल तर त्याच पैशात कम्युनिटी कॉलेजची चौकशी करा, काही ठिकाणी हेच तास क्रेडिटसकट मिळतात. फी भरण्याआधी संस्थेला एक ईमेल टाका. ओएसिसची मान्यता चालू आहे का, ३५० पैकी किती तास माणसासमोर बसून आहेत, प्रमाणपत्रावर चारही भागांचे तास वेगवेगळे छापून येतात का, आणि मध्येच सोडलं तर किती पैसे परत. आमच्या बॅचमधल्या एकीच्या प्रमाणपत्रावर नुसता एकूण आकडा होता, तिचा अर्ज परत आला आणि दुरुस्त कागद मिळवायला तिने दीड महिना फोन केले. उत्तर फोनवर घेऊ नका, लेखीच मागा.